छायाचित्रांतील रंग : कुंचल्यापासून संगणकापर्यंत

छायाचित्र खोटें बोलत नाहीं, ही समजूत छायाचित्रणाच्या जन्माबरोबरच लोकांत रूढ झाली. चित्रकार आपल्या मनांतलें काढील, परंतु यंत्र समोर असेल तेंच दाखवील, असा सर्वांचा भरंवसा होता. आज एखाद्या विद्यार्थ्यालाही घरच्या संगणकावर छायाचित्रांतील लाल पातळ निळें आणि हिरवें शेत पिंवळें करतां येतें, आणि तो फेरफार पाहाणाऱ्याच्या ध्यानींही येत नाहीं. त्यामुळें तो जुना भरंवसा डळमळला, आणि त्याचें खापर संगणकाच्या माथीं फुटलें. हा आरोप कितपत न्याय्य आहे हें ठरवावयाचें, तर छायाचित्रांतील रंगाचा इतिहास मुळापासून पाहिला पाहिजे.

इ. स. १८३९ च्या ऑगस्ट महिन्यांत दागेर यांची कृति पॅरिस येथें जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर माणसाचा चेहरा हुबेहूब उठे, भुवयांचा केस न् केस दिसे. परंतु गालावर रक्ताचा लवलेश नसे. पैसे मोजून आपली छबी घेणाऱ्यांना ही प्रेतकळा आवडेना. म्हणून दोन-तीन वर्षांच्या आंतच स्वित्झर्लंडमधील आयझेनरिंग यांनीं गोंद मिसळलेली रंगाची पूड या पत्र्यांवर बसविण्यास आरंभ केला, आणि इंग्लंडांत रिचर्ड बेअर्ड यांनीं १८४२ सालीं रंग भरण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. पुढें कागदावर छायाचित्रें उमटूं लागल्यावर हें काम अधिक सोपें झालें. १८६० नंतरच्या दशकांत योकोहामा येथें फेलीचे बेआतो यांच्या चित्रशाळेंत जपानी कलावंत जलरंगांनीं छायाचित्रें रंगवीत असत, आणि तीं परदेशी प्रवासी हौसेनें विकत घेत. सारांश, छायाचित्रांत बाहेरून रंग घालण्याची प्रथा जवळजवळ छायाचित्रणाइतकीच जुनी आहे.

हिंदुस्थानांत ही कला लवकरच आली. मुंबईस १८५४ सालीं छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार होते. आपल्याकडे लघुचित्रांची परंपरा जिवंत असल्यामुळें छायाचित्र रंगविण्याच्या कामीं सिद्धहस्त कारागीर आयतेच मिळाले. राजपुतान्यांतील चित्रकार कित्येकदां छायाचित्रावर इतका दाट रंग चढवीत, कीं मूळ छायाचित्र खालीं झांकून जाई. शहरांतील चित्रशाळांत मात्र बहुधा पातळ, पारदर्शक रंग वापरीत. त्यामुळें वस्त्राच्या चुण्या, चेहऱ्यावरील छाया आणि दागिन्यांची चमक हीं छायाचित्राचींच राहात, आणि रंग तेवढा कुंचल्याचा असे. श्रोत्यांपैकीं अनेकांच्या घरीं आजा-पणजांच्या अशा तसबिरी अजून भिंतीवर असतील. उजेड यंत्राचा आणि रंग माणसाचा, ही जी वांटणी त्या कारागिरांनीं केली, तीच पुढें संगणकानेंही स्वीकारली.

त्या काळच्या छायाचित्रांत रंगाची केवळ उणीव होती असें नाहीं. रंगामुळें उजेडाचा हिशोबही चुकत असे. जुन्या कांचा निळ्या व जांभळ्या प्रकाशालाच मुख्यतः दाद देत. तांबड्या प्रकाशाला त्या जवळजवळ आंधळ्या होत्या. म्हणून निळें आकाश कोरें पांढरें येई, आणि लाल पगडी काळीभोर दिसे. बर्लिन येथील हर्मान फोगेल यांनीं १८७३ सालीं, कांचेवरील द्रव्यांत विशिष्ट रंगद्रव्य मिसळल्यास तिला इतर रंगही दिसूं लागतात असा शोध लावला, तेव्हां हा दोष हळूहळू कमी होऊं लागला. परंतु त्यापूर्वींच्या छायाचित्रांत जें काळें दिसतें तें काळेंच होतें, असें मानणारा मनुष्य फसल्याशिवाय राहणार नाहीं.

खरा रंग यंत्रानेंच पकडावा हा प्रयत्न जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञानें केला. १८६१ च्या मे महिन्यांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें त्यांनीं एका रंगीबेरंगी फितीचें चित्र पडद्यावर दाखविलें. थॉमस सटन यांनीं त्या फितीचीं छायाचित्रें तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळणींतून निरनिराळीं घेतलीं होतीं. त्याच रंगांच्या प्रकाशांत तीं एकावर एक पाडतांच रंगीत फीत अवतरली. येथें एक मौज आहे. सटन यांच्या कांचेला तांबडा प्रकाश दिसणें शक्यच नव्हतें. मग तांबडा रंग आला कोठून? या कोड्याचा उलगडा शंभर वर्षांनीं, १९६१ सालीं, कोडॅकच्या संशोधकांनीं केला. फितीवरील तांबडा रंग डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही परावर्तित करीत होता, आणि कांचेवर ठसा उमटला तो त्या किरणांचा. म्हणजे जगांतील या पहिल्या रंगीत छायाचित्रांत तांबड्याची साक्ष दुसऱ्यानेंच दिली होती!

मॅक्सवेल यांचें तत्त्व मात्र अचूक होतें, आणि पुढील सर्व इमारत त्यावरच उभी आहे. मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं ज्यांचीं चलच्चित्रें प्रथम दाखविलीं गेलीं, त्याच ल्युमिए बंधूंनीं १९०७ सालीं ऑटोक्रोम नांवाची रंगीत छायाचित्राची कांच बाजारांत आणली. तिच्यावर बटाट्याच्या पिठाचे लाखों सूक्ष्म कण नारिंगी, हिरवा व जांभळा रंग देऊन पसरलेले असत. रशियांत प्रोकुदिन-गोर्स्की यांनीं तीन गाळण्यांच्या पद्धतीनें झारच्या साम्राज्याचीं चित्रें घेतलीं. त्यांचा संग्रह १९४८ सालीं अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें विकत घेतला. १९३५ सालीं कोडाक्रोम फिल्म निघाली, आणि पुढें रंगीत छायाचित्रण हौशी माणसाच्याही हातांत आलें.

यानंतरची क्रांति अंकांची होय. १९५७ सालीं अमेरिकेंतील रसेल किर्श यांनीं आपल्या तान्ह्या मुलाचें छायाचित्र संगणकाला वाचावयास लाविलें. त्या चित्राच्या उभ्या-आडव्या ओळींत प्रत्येकीं १७६ बिंदु होते. १९७६ सालीं कोडॅकच्या ब्राइस बेयर यांना ज्या रचनेचें पेटंट मिळालें, तीच आज बहुतेक कॅमेऱ्यांत असते. तींत प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाची गाळणी असते; निम्म्या बिंदूंवर हिरवी, पाव बिंदूंवर तांबडी, आणि पाव बिंदूंवर निळी. बिंदूच्या उरलेल्या दोन रंगांचा अंदाज कॅमेरा शेजारच्या बिंदूंवरून बांधतो. म्हणजे अस्सल म्हणून मिरविणाऱ्या छायाचित्रांतही दोनतृतीयांश रंग अनुमानाचा असतो. शेवटीं प्रत्येक बिंदूला तांबडा, हिरवा व निळा असे तीन अंक मिळतात. सामान्यतः प्रत्येक अंक ० पासून २५५ पर्यंत असतो; त्यामुळें १,६७,७७,२१६ छटा संभवतात.

रंग हा एकदां अंक झाला, कीं तो बदलणें हें केवळ गणित उरतें. थॉमस व जॉन नोल या बंधूंची फोटोशॉप ही प्रणाली १९९० सालीं विक्रीस आली, आणि हें गणित जगभर पसरलें. त्याची रीत समजण्यास कठीण नाहीं. तीन अंकांचें रूपांतर रंगाची जात, त्याचा गडदपणा आणि त्याचा उजेड अशा तीन निराळ्या अंकांत करतात. मग पातळाभोंवतीं सीमारेषा आंखून आंतील रंगाची जात तेवढी बदलतात, आणि उजेड तसाच ठेवतात. त्यामुळें चुण्या व छाया जशाच्या तशा राहून लाल पातळ निळें होतें. मात्र शुभ्र वा काळ्या वस्तूला रंगाची जातच नसल्यामुळें तेथें ही युक्ति चालत नाहीं. रंग नव्यानें भरावा लागतो. शिवाय लाल पातळाची लाली हनुवटीवर व शेजारच्या भिंतीवरही पडलेली असते. ती पुसावयास राहिली, तर जाणत्याला चोरी सांपडते.

या सामर्थ्याचा दुरुपयोग झाल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. १९९४ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतील 'टाइम' साप्ताहिकानें खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्प्सन या कृष्णवर्णीय खेळाडूचें पोलिसांनीं घेतलेलें छायाचित्र अधिक काळवंडून मुखपृष्ठावर छापलें. त्याच आठवड्यांत 'न्यूजवीक'नें तेंच छायाचित्र फेरफार न करतां छापलें होतें. त्यामुळें दोन्ही अंक शेजारीं ठेवतांच फरक उघड झाला, मोठा गहजब उडाला, आणि संपादकांना वाचकांपुढें खुलासा करावा लागला. १९९७ सालीं इजिप्तमध्यें लक्सरजवळ प्रवाशांचें हत्याकांड झालें, तेव्हां स्वित्झर्लंडमधील एका दैनिकानें छायाचित्रांतील पाण्याचा ओघळ तांबडा करून तें रक्त असल्याचा भास निर्माण केला. दोन्ही ठिकाणीं एकही वस्तु घातली नव्हती, कीं काढली नव्हती. बदलला होता तो मुख्यतः रंग, आणि तेवढ्यानें अर्थ फिरला.

आतां तर संगणक स्वतःच रंग सुचवूं लागला आहे. २०१६ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनीं दहा लाखांहून अधिक रंगीत चित्रें दाखवून त्याला कृष्णधवल चित्रांत रंग भरण्यास शिकविलें. परंतु तो देतो तो रंग संभवनीय असतो. खराच असतो असें नाहीं. चित्रशाळेंतील कारागिराला बसलेल्या गृहस्थाची पगडी पाहतां येत असे, निदान विचारतां तरी येत असे. संगणकाला तसें विचारावयास कोणी नाहीं. त्याला जुन्या छायाचित्रांतील काळी पगडी काळीच वाटणार. २०२१ सालीं कंबोडियांतील तुओल स्लेंग येथील तुरुंगांत बळी गेलेल्या कैद्यांचीं रंगविलेलीं छायाचित्रें एका परदेशी वृत्तसंस्थेनें प्रसिद्ध केलीं. त्यांतील कांहीं चेहऱ्यांवर मुळांत नसलेलें हसूंही उमटविलेलें आढळलें. मृतांच्या आप्तांना तो त्यांच्या दुःखाचा अपमान वाटला, कंबोडियाच्या सरकारनें निषेध केला, आणि तीं चित्रें मागें घ्यावीं लागलीं.

याच्या उलट, 'मुगले आझम' हा १९६० सालचा बव्हंशीं कृष्णधवल बोलपट २००४ सालीं संपूर्ण रंगीत करून पुन्हां दाखविण्यांत आला, तेव्हां कोणाचीही फसवणूक झाली नाहीं. रंग नवा आहे हें जाहीर केलेलें होतें, आणि तो बोलपट इतिहासाचा पुरावा म्हणून पुढें आलेला नव्हता. तेव्हां रंग बदलणें हा अपराध नव्हे. बदललेला रंग साक्ष म्हणून उभा करणें हा अपराध आहे. कुंचल्याच्या रंगाचा थर निदान हाताला लागे, आणि भिंग घेतलें तर डोळ्यांना दिसे. अंकाच्या रंगाला थर नाहीं. एवढ्यासाठींच २०२१ पासून कांहीं कंपन्यांनीं मिळून छायाचित्रासोबत त्यांत केलेल्या फेरफारांची नोंद ठेवण्याची एक पद्धति आंखण्यास आरंभ केला आहे.

परंतु ही सावधगिरी कंपन्यांवर सोंपवून भागणार नाहीं. घरांतील जुनी तसबीर जो कोणी रंगवून घेईल, त्यानें मूळ प्रत जपून ठेवावी, आणि रंगीत प्रतीच्या पाठीवर रंग कोणी व केव्हां भरला हें लिहावें. आजोबांच्या पगडीचा रंग ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिला अशीं वृद्ध माणसें जोंवर हयात आहेत, तोंवर त्यांना तो विचारून घ्यावा. कारण ती माहिती संगणकापाशीं नाहीं, आणि तीं माणसें गेल्यावर ती कोणापाशींही राहणार नाहीं.