तंतू, पट आणि कर्ता : वर्ध्याची खादी व समकालीन कलेतील वस्त्र

न्यायदर्शनातील कार्यकारणचर्चेत तंतू आणि पट हे उदाहरण वारंवार येते. तंतू हे पटाचे समवायी कारण. तंतूंचा संयोग हे असमवायी कारण. विणकर व त्याची साधने ही निमित्त कारणे. समकालीन कलेतील वस्त्राची समीक्षा बहुधा पहिल्या दोन कारणांपाशी थांबते. पोत, वीण, घडी, पारदर्शकता यांविषयी ती सूक्ष्मपणे बोलते. हात कोणाचा, हा प्रश्न मात्र समाजशास्त्राकडे सोपवते. वर्धा जिल्ह्यात १९३०च्या दशकात हाच प्रश्न वस्त्राच्या मूल्यविचाराच्या केंद्रस्थानी होता. त्यामुळे तेथील खादीचा इतिहास हा कलासमीक्षेच्याही पूर्वेतिहासाचा भाग ठरतो.

एकोणिसाव्या शतकातील कापसाच्या व्यापारात ‘हिंगणघाट’ हे एका उत्तम प्रतीच्या कापसाचे नाव होते. गावाचे नाव तंतूला मिळाले. पिकवणारा आणि वेचणारी अनामच राहिली. १९३४ साली वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य सुरू झाले. १९३५ साली अखिल भारत चरखा संघाने कातणाऱ्यांना निर्वाहापुरती मजुरी देण्याचे तत्त्व स्वीकारले. त्यामुळे खादी महागली. परंतु वस्त्राच्या किमतीत कातणाऱ्या हाताचा हिशेब उघडपणे मांडला गेला. वस्त्राची प्रत केवळ सुताच्या अंकावर ठरत नाही, असा एक मूल्यविषयक दावा या आर्थिक निर्णयात अनुस्यूत होता.

या दाव्याला दृश्यरूप देण्याचे प्रयत्नही झाले. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे खेड्यात भरलेल्या पहिल्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट नंदलाल बसू यांनी बांबूसारख्या ग्रामीण साहित्यातून सिद्ध केली. ३० डिसेंबर १९३८ रोजी वर्ध्यात मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. खादीच्या तंत्राचा अभ्यास करणारे मगनलाल गांधी यांचे नाव त्याला देण्यात आले, हे सूचक आहे. चरखे व ग्रामोद्योगांची साधने हाच येथे प्रदर्शनाचा विषय झाला. निमित्त कारण दर्शनीय ठरले. अर्थात या दृष्टीलाही मर्यादा होत्या. कातणाऱ्या स्त्रीला मजुरी मिळाली, नाव मिळाले नाही. आणि खादीच्या शुभ्र एकरूपतेच्या आदर्शात रंगारी व नक्षीकार काहीसे मागे पडले.

स्वातंत्र्यानंतर विणकर सेवा केंद्रांनी चित्रकाराला मागाजवळ आणले. के. जी. सुब्रमण्यन, प्रभाकर बरवे यांच्यासारखे चित्रकार तेथे काम करीत होते. जवळीक घडली, तरी श्रेणी टिकली : आकृतिबंध कल्पिणारा तो कलावंत, विणणारा तो कारागीर. दरम्यान १९६२ साली लोझान येथे सुरू झालेल्या टॅपेस्ट्री द्विवार्षिकीतून माग्दालेना आबाकानोविच यांच्यासारख्या कलावंतांनी विणकामाला शिल्पाची घनता दिली. वस्त्र भिंतीवरून उतरले आणि स्वायत्त कलावस्तू झाले. पण या स्वायत्ततेचा लाभ कलावंताच्या स्वाक्षरीलाच झाला.

शेली ज्योती यांनी २०१३ साली दिल्लीत मांडलेल्या मिठाच्या सत्याग्रहावरील कलाकृतींत खादी आणि अजरख यांचा संयोग होता. येथे खादी ही निव्वळ पार्श्वभूमी नाही. इतिहास तिच्या धाग्यातच आहे. अशा कलाकृतीसमोर ‘माध्यम’ हा शब्द अपुरा पडतो. माध्यम म्हटले की द्रव्य सूचित होते, श्रम सूचित होत नाहीत. संहितेसाठी वापरला जाणारा ‘टेक्स्ट’ हा शब्द विणणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला, याचा आधार साहित्यसिद्धान्ताने वारंवार घेतला. मात्र लेखकाच्या मृत्यूची घोषणा करताना त्या रूपकातील विणकराचे काय होते, याचा विचार क्वचितच झाला. लेखकाचे नाव दूर सारण्यात वाचकाची मुक्ती असू शकेल. ज्याला नाव कधी मिळालेच नाही त्या विणकराच्या बाबतीत तीच कृती जुन्या अन्यायाची पुनरावृत्ती ठरते.

या प्रश्नाची धार वर्ध्यात आजही बोथट झालेली नाही. २००२ साली भारतात बीटी कापसाला मान्यता मिळाली. २००६ साली शेतकरी-आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर केंद्राने जाहीर केलेल्या साहाय्यात विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांचा समावेश झाला, त्यांत वर्धा होता. दालनात टांगलेल्या सुती वस्त्राची कारणपरंपरा अशा शिवारांपर्यंत जाते. ती शोधणे म्हणजे सौंदर्यविचार सोडून अर्थशास्त्रात शिरणे नव्हे. निमित्त कारणाशिवाय पट संभवत नाही, हे तर्कशास्त्राने केव्हाच मान्य केले आहे. वस्त्रकलेच्या समीक्षेने ते मान्य करणे बाकी आहे.