रोजची एक गोळी

आम्ही वैद्य नव्हे. युनियनच्या कचेरीत बसून जे वाचले, तीच आमची शाळा. तरीही रक्ताच्या एका कर्करोगाचा इतिहास सांगण्यास आज उभे आहोत, त्याला कारण आमचा एक सहकारी. त्याला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया झाला. हा विकार लाखात वर्षाला एखाददुसऱ्यालाच होतो. औषधाने तो सुधारला. पण रात्री पायांत गोळे येत, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसे. नोकरी जाईल या धास्तीने त्याने हे कोणासही सांगितले नाही. मुकाट्याने गोळी बंद केली. काही महिन्यांत रोग उलटला.

या रोग्यांनी पूर्वी किती सोसले ते पाहा. १८६५ साली लिसाउएर या जर्मन वैद्याने सोमलाचा द्राव देऊन पाहिला. १९५३च्या सुमारास बुसल्फान आले. त्याने रक्तातील वाढलेल्या पेशी उतरत, पण अस्थिमज्जाच खचण्याचे भय राही. आणि रोग काही वर्षांनी डाव साधीच.

१९६० साली फिलाडेल्फियात नोवेल व हंगरफोर्ड यांना रोग्यांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळले. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राऊली यांनी दाखविले की, नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली आहे. त्यातून निपजणारे सदोष प्रथिन पेशींना सतत वाढावयास लावते. नेमके तेच रोखणारी इमॅटिनिबची गोळी ब्रायन ड्रकर यांनी १९९८ पासून रोग्यांना देऊन पाहिली.

गुण येतो ही वार्ता पसरली, पण गोळ्या पुरेनात. तेव्हा १९९९ मध्ये रोग्यांनीच कंपनीकडे अर्ज धाडला. त्यावर तीन हजारांहून अधिक सह्या होत्या! २००१ साली अमेरिकेत औषधास मान्यता मिळाली. आपल्याकडे प्रश्न किमतीचा होता. त्या काळी कंपनीची गोळी महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना पडे, देशी गोळी ८ ते १० हजारांना. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन पेटंटविरुद्ध उभी राहिली, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारले.

सह्यांचे बळ आम्हांस नवे नव्हते. नवे कळले ते एवढेच की, त्रास सांगणे हाही उपचाराचाच भाग आहे. ही गोळी जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाण्यासह घेतली की मळमळ कमी होते. गोळे, सूज, थकवा फार झाल्यास डॉक्टर मात्रा बदलतात किंवा दुसरे औषध देतात. बरीच वर्षे गुण टिकल्यास काही रोग्यांची गोळी तपासण्या चालू ठेवून थांबविताही येते. पण ते डॉक्टरांनी ठरवावयाचे. परस्पर बंद करणे घातक.

आमच्या सहकाऱ्यास दुसरी गोळी लागू पडली. तो आज कामावर आहे. गाऱ्हाणे मांडा, असे आम्ही कामगारांना तीस वर्षे सांगत आलो. शेजारी बसणाऱ्याचे गाऱ्हाणे मात्र आमच्या कानी आले नाही. ही चूक आमची. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल, तर आज घरी जाताना त्याच्याकडे डोकवा आणि विचारा : रात्री झोप लागते का?