हॉलिवूडच्या चाच्यांमध्ये आंग्रे कसे पोहोचले?

'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या २००७ मधल्या भागात चाच्यांची सभा भरते. त्यात हिंदी महासागराचा चाचा म्हणून बसलेला 'श्री संभाजी' आठवतोय? हे नाव कान्होजी आंग्रेंचे पुत्र संभाजी यांच्यावरून आलंय.

संभाजी आणि त्यांच्यानंतर सावत्र भाऊ तुळाजी यांचा बालेकिल्ला होता सिंधुदुर्गातला विजयदुर्ग. आंग्र्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, नसलेली जहाजं ते पकडत. असे परवाने पोर्तुगीजही सक्तीने विकत, पण इंग्रजांच्या कागदांत चाचे ठरले ते आंग्रे. १७५६ मध्ये इंग्रजांनी समुद्रातून हल्ला केला आणि जमिनीवरून त्यांच्या जोडीला होती चक्क पेशव्यांची फौज! तुळाजींचं आरमार जळालं, ते स्वतः पेशव्यांच्या कैदेत गेले. मुंबईतल्या नौदल तळाला मात्र १९५१ पासून नाव आहे 'आयएनएस आंग्रे'.