उपासनेची कसोटी : करिंथ ते सिर्ता

'चर्च' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. 'चर्चला जातो' असे म्हणताना दगडविटांची वास्तू डोळ्यांपुढे असते. 'चर्चची शिकवण' म्हणताना श्रद्धावंतांचा समुदाय अभिप्रेत असतो. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने या दोन अर्थांसाठी 'ख्रिस्तमंदिर' आणि 'ख्रिस्तसभा' असे दोन स्वतंत्र शब्द रूढ केले, ही मोलाची गोष्ट होय. नव्या करारातील 'एक्लेसिया' या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे बोलावून एकत्र आणलेली सभा. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात इस्राएलच्या मेळ्यासाठी हाच शब्द येतो. नव्या करारात मात्र त्याने इमारतीचा बोध कोठेही होत नाही.

असे असेल तर या सभेची उपासना खरी आहे की नाही, हे ओळखावे कशावरून? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस प्रथम करिंथ शहराकडे वळावेसे वाटते.

इ. स. पूर्व 146 मध्ये रोमनांनी करिंथ उद्ध्वस्त केले आणि इ. स. पूर्व 44 मध्ये ज्युलियस सीझरने ते पुन्हा वसवले. दोन बंदरांच्या मधले हे व्यापारी शहर. नवे धनिक, मुक्त झालेले दास, कारागीर आणि हमाल यांची तेथे दाटी होती. इ. स. 50 च्या सुमारास संत पौल तेथे आला आणि दीड वर्ष राहिला. त्याने उभ्या केलेल्या ख्रिस्तसभेत नगराचा खजिनदार एरास्त होता, सर्व मंडळीचे आतिथ्य करणारा गायस होता. तसेच दासही होते. मंदिर असे नव्हतेच. सभा भरे ती कोणा सधन बंधूच्या घरी.

आणि तेथेच गाठ पडली. रोमन घरातील भोजनगृहात तीन बाजूंना तीन पलंग असत व त्यांवर साधारणतः नऊजण टेकून जेवत. बाकीच्यांनी बसावे कोठे? त्यातच रविवार हा तेव्हा सुटीचा दिवस नव्हता. ती सुटी सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. 321 मध्ये दिली. दिवसभर धन्याचे काम उरकून दास येईपर्यंत आतल्यांचे जेवण आटोपत आले असल्यास नवल नाही. पौलाच्या पत्रातून दिसणारे चित्र असेच आहे : एक उपाशी, दुसरा मद्याने धुंद, आणि दोघेही एकाच प्रभूच्या नावाने जमलेले.

इफिस येथून इ. स. 54 च्या सुमारास पौलाने जे पहिले पत्र करिंथकरांस धाडले, त्याच्या अकराव्या अध्यायात तो याविषयी कठोरपणे बोलतो. हे प्रभूचे भोजन नव्हेच, असा त्याचा निर्वाळा आहे. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवणे म्हणजे देवाच्या सभेचा अवमान करणे होय, असे तो सांगतो. लगेच पुढे तो प्रभूने शेवटच्या रात्री भाकर व प्याला घेऊन काय केले ते कथन करतो. आज आपल्या हाती असलेला त्या रात्रीचा हा सर्वांत जुना लेखी वृत्तान्त. चारही शुभवर्तमाने त्यानंतरची आहेत. मिस्साबलिदानाचा हा मूलाधार कोण्या विधिग्रंथात आलेला नाही. तो आला आहे भुकेल्या बंधूची बाजू घेताना. 'शरीर ओळखा' असे जेव्हा पौल बजावतो, तेव्हा भाकरीतील ख्रिस्त आणि दाराशी तिष्ठणारा ख्रिस्ताचा अवयव, या दोहोंकडेही तो बोट दाखवतो. पुढच्याच अध्यायात तो ख्रिस्तसभेला ख्रिस्ताचे शरीर म्हणतो. पत्राच्या अखेरीस यरुशलेमेतील दरिद्री बांधवांसाठी आठवड्याच्या पहिल्या दिवशी काही रक्कम बाजूला ठेवण्याची सूचना आहे.

हा धागा पुढे तुटला काय? शंभर वर्षांनंतरची एक साक्ष आपणांस उपलब्ध आहे. इ. स. 155 च्या सुमारास रोममध्ये संत जस्टिनने सम्राट अँटोनायनस पायस यास उद्देशून एक समर्थनग्रंथ लिहिला. रविवारच्या सभेचे वर्णन त्यात आहे : शहरातील व खेड्यांतील लोक एकत्र येतात, प्रेषितांच्या आठवणींचे किंवा संदेष्ट्यांच्या लिखाणाचे वाचन होते, प्रमुख बोध करतो, सर्वजण उभे राहून प्रार्थना करतात, भाकर, द्राक्षारस व पाणी आणले जाते, उपकारस्तुतीनंतर वाटप होते आणि गैरहजर असणाऱ्यांकडे सेवक वाटा पोचवतात. आजच्या मिस्साची रूपरेषा येथे सहज ओळखू येते. परंतु जस्टिन तेथे थांबत नाही. ऐपतदार स्वेच्छेने दान देतात आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परके यांचा सांभाळ होतो, हेही तो उपासनेच्याच वर्णनात सांगतो.

तिसरी साक्ष शत्रूच्या हातची आहे. म्हणून अधिक बोलकी. इ. स. 303 मध्ये सम्राट डायोक्लेशनने मंदिरे पाडण्याचा व पवित्र ग्रंथ जाळण्याचा हुकूम सोडला. त्या वर्षी 19 मे रोजी उत्तर आफ्रिकेतील सिर्ता (आजच्या अल्जीरियातील कॉन्स्टंटीन) येथे सरकारी अधिकारी ख्रिस्ती लोकांच्या सभेच्या घरी झडतीस आले. कारकुनाने जप्तीची यादी केली. ती पुढे इ. स. 320 मधील एका चौकशीत वाचली गेली, म्हणून टिकली. यादीत सोन्याचे 2 आणि चांदीचे 6 प्याले आहेत, दिवे आहेत. त्याखाली नोंद आहे : स्त्रियांचे 82 झगे, पुरुषांचे 16, स्त्रियांच्या पादत्राणांचे 47 जोड, पुरुषांचे 13. हा साठा गरजूंना, विशेषतः विधवांना देण्यासाठी असावा, असे इतिहासकार मानतात. सोन्याचे प्याले आणि विधवांच्या वहाणा एकाच छपराखाली, एकाच यादीत! उपासना आणि सेवा यांचे नाते त्या परक्या कारकुनाने नकळत नोंदवून ठेवले.

दहाच वर्षांनी, इ. स. 313 मध्ये, ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली. भव्य बॅसिलिका उभ्या राहिल्या. सौंदर्याने देवाचा गौरव करावा, यात गैर काही नाही. मात्र त्याच शतकात कसोटीची आठवण देणारेही निर्माण झाले. इ. स. 378 च्या एड्रियानोपलच्या पराभवानंतर मिलानचे महागुरू संत अँब्रोज यांनी बंदिवानांना सोडवण्यासाठी उपासनेची पात्रे वितळवली. टीका झाली तेव्हा प्रभूला सोन्यापेक्षा माणसे प्रिय आहेत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. अंत्युखियात संत योहान क्रिसोस्तम यांनी भाविकांना सुनावले की, वेदीवरील ख्रिस्ताला रेशमाने सजवून बाहेरच्या उघड्या ख्रिस्ताला थंडीत कुडकुडत ठेवू नका.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा संविधानलेख घोषित केला आणि लोकभाषांना वेदीवर मोकळी वाट मिळाली. 1964 मध्ये ख्रिस्तसभेविषयीच्या लेखात 'देवाची प्रजा' ही बायबलमधील कल्पना अग्रस्थानी आली. आज आपण मिस्सा मराठीत ऐकतो, ती समजते. समजलेल्या शब्दाचे उत्तरदायित्व अधिक असते.

म्हणून नव्या मंदिराच्या आराखड्यावर चर्चा करताना, जुन्या वेदीवर संगमरवर चढवताना, आपण सिर्ताची ती यादी एकदा आठवावी, असे आम्ही सुचवतो. उद्या कोणी आपल्या धर्मग्रामाची झडती घेतली, तर प्याल्यांच्या आणि समयांच्या नोंदीखाली त्या कारकुनाला आणखी काय लिहिता येईल?