जुन्याची किंमत

इंग्रजीतल्या 'थ्रिफ्ट' या शब्दाला आपण मराठीत 'काटकसर' म्हणून मोकळे होतो. पण दोन्ही शब्दांचा सूर अगदी वेगळा आहे. काटकसर म्हटलं की काहीतरी कापावं लागतंय, मनाला मुरड घालावी लागतेय असं वाटतं. 'थ्रिफ्ट' मात्र 'थ्राइव्ह'च्या कुळातला, म्हणजे भरभराट होणं, फोफावणं. त्याचा जुना अर्थच मुळी भरभराट असा होता. भरभराटीतून जपून वापरण्यापर्यंत तो शब्द नंतर सरकत गेला. अमेरिकेत गावोगावी दिसणाऱ्या थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानात शिरताना मला हे मूळ बरेचदा आठवतं. अशा दुकानात दोन तास सहज जातात, आणि पाच-सात डॉलर खर्च करून मी श्रीमंत होऊन बाहेर पडते.

माझी ही आवड घरच्यांना मात्र फारशी पसंत नाही. "तिकडे डॉलरमध्ये कमावतेस आणि लोकांचे उतरलेले कपडे घालतेस?" हा आत्याचा ठरलेला प्रश्न. (आत्या, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे. रागावू नकोस.) हा प्रश्न हसून उडवून लावता येतो, मीही बरीच वर्षं तेच केलं. पण त्या 'उतरलेले' या एका शब्दामागे बराच इतिहास आहे, इथलाही आणि आपल्याकडचाही. आज तो सांगावा म्हणते.

पहिली गोष्ट म्हणजे जुने कपडे विकत घेणं ही काही आजची टूम नाही. कापड यंत्रावर निघू लागलं त्याआधी ते इतकं महाग होतं की युरोपातली बहुतेक सामान्य माणसं जुनेच कपडे घालत. लंडनमध्ये तर अशा कपड्यांचे अख्खे बाजार होते. मॉनमथ स्ट्रीटवरच्या जुन्या कपड्यांच्या दुकानांवर चार्ल्स डिकन्सने तरुणपणी एक सुरेख लेख लिहिला आहे. दुकानाबाहेर टांगलेले कपडे बघत तो त्यांच्या मालकांची आयुष्यं कल्पनेनं रचत जातो. थ्रिफ्ट स्टोअरमध्ये रेंगाळणाऱ्या प्रत्येकाला हा खेळ ओळखीचा वाटेल.

एकोणिसाव्या शतकात हा धंदा लंडनमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये मोठ्या प्रमाणावर गरीब ज्यू फेरीवाल्यांच्या हातात होता. इतर धंद्यांची दारं त्यांना बंद होती, हे उघडं होतं. मग धंद्याला नावं ठेवणं आणि माणसांना नावं ठेवणं एकच होऊन बसलं. १८८४ साली 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या अमेरिकी साप्ताहिकात एक गोष्ट छापून आली होती. जुन्या कपड्यांच्या दुकानातून पोशाख घेणाऱ्या एका मुलीला त्या पोशाखातून देवी येतात, अशी. जुना कपडा म्हणजे रोग, घाण, परका माणूस. भीतीचा हा सूर आत्याच्या आवाजात थोडा मिसळला की आपल्याकडचाच वाटतो, नाही?

हे चित्र बदललं ते धर्मसंस्थांमुळे. त्यात पहिलं मोठं नाव साल्व्हेशन आर्मीचं, म्हणजे आपल्याकडची मुक्तिफौज. तिचे संस्थापक विल्यम बूथ यांनी १८९० साली लंडनच्या गरिबीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात एक योजना होती : बेकारांची पथकं उभारावीत, त्यांनी गाड्या घेऊन घरोघरी जावं, लोकांना नको असलेले कपडे, बाटल्या, कागद, उरलंसुरलं सगळं गोळा करावं, आणि त्यातून त्यांना काम मिळावं. अमेरिकेत १८९७ मध्ये न्यूयॉर्कला हे काम सुरू झालं. निवाऱ्यात राहणारी माणसं हातगाड्या घेऊन निघायची, आणलेले कपडे दुरुस्त करायची आणि त्या बदल्यात त्यांना अन्न आणि अंथरूण मिळायचं.

त्या वेळी अमेरिकेतल्या मुक्तिफौजेची धुरा ज्यांच्याकडे होती ते फ्रेडरिक बूथ-टकर चक्क आपल्या मुंबईचे जुने पाहुणे! जन्म बिहारमधल्या मुंगेरचा, आयसीएसची नोकरी सोडलेली, आणि १८८२ च्या सप्टेंबरात तीन सहकाऱ्यांबरोबर मुंबईत उतरून त्यांनीच भारतात मुक्तिफौज सुरू केली. हिंदी पद्धतीचे कपडे घालायचे, 'फकीरसिंग' असं नाव घेतलं, रस्त्यावर मिरवणुका काढल्याबद्दल मुंबईत तुरुंगातही जाऊन आले. पुढे विल्यम बूथ यांच्या मुलीशी लग्न झाल्यावर आडनावाला बूथ जोडलं गेलं. नगरचं (आताच्या अहिल्यानगरचं) बूथ हॉस्पिटल ज्यांना माहीत आहे त्यांना हे नाव परकं वाटणार नाही. ते याच घराण्यातल्या इव्हँजेलीन बूथ यांच्या नावाचं.

दुसरं नाव गुडविलचं. १९०२ साली बॉस्टनच्या साऊथ एंड या गरीब वस्तीत एडगर हेल्म्स नावाचे मेथडिस्ट पाद्री काम करत होते. ते तागाची पोती घेऊन शहरातल्या श्रीमंत वस्त्यांत जात आणि जुने कपडे, चपला, फर्निचर गोळा करत. आता यापुढची सोपी वाट म्हणजे हे सगळं वाटून टाकणं. हेल्म्सनी तसं केलं नाही. वस्तीतल्या बेकार माणसांना त्यांनी शिवणकाम, चांभारकाम, सुतारकाम शिकवलं, त्यांच्याकडून वस्तू दुरुस्त करून घेतल्या, त्यांना मजुरी दिली. आणि त्या वस्तूंवर किंमत लिहिली.

मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. किंमत अगदी थोडी, पण होती. फुकट मिळालेला कोट घेताना माणूस खाली बघतो. देणारा जो देईल तो घ्यायचा, बाह्या लांब असोत की आखूड. तोच कोट पंचवीस-पन्नास सेंटला असला की माणूस तो उलटसुलट करून बघतो, रंग आवडला नाही तर परत टांगतो, शिवण उसवली असेल तर कुरकुरतो. थोडक्यात, तो गिऱ्हाईक होतो. मराठीत 'किंमत' या शब्दाला दोन अर्थ आहेत ते किती बरोबर आहे! वस्तूला किंमत लावली की घेणाऱ्यालाही थोडी किंमत येते.

(गुडविलचा सगळाच इतिहास सोन्याचा आहे असं मात्र नाही. अमेरिकेच्या १९३८ च्या श्रमकायद्यात अपंग कामगारांना किमान वेतनापेक्षा कमी पैसे देण्याची एक सवलत होती. गुडविलच्या काही शाखा ती वापरत होत्या, आणि २०१३ च्या सुमारास त्यावर बरीच टीका झाली. कामाची किंमत हा ज्या संस्थेचा पाया, तिच्याकडून ती कमी लावली जावी हे टोचतंच.)

इंग्लंडमध्ये याची पुढची पायरी ऑक्सफॅम. दुसऱ्या महायुद्धात ग्रीसमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा १९४२ साली ऑक्सफर्डमधल्या काही लोकांनी एक समिती स्थापन केली. १९४७ च्या अखेरीस त्यांनी ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर दुकान घेतलं आणि दान आलेल्या वस्तू तिथे विकायला सुरुवात केली. इथे किमतीला आणखी एक काम लागलं. विकत घेणारा ऑक्सफर्डचा, पैसे पोचणार दूरच्या दुष्काळात. १९५१ च्या बिहारच्या दुष्काळासाठीही ऑक्सफॅमने मदत पाठवली होती.

हं, आता आपल्याकडे येऊ.

आपल्या घरात जुन्या कपड्यांच्या वाटा ठरलेल्या होत्या. मोठ्याचा सदरा धाकट्याला. आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याची गोधडी. आणि उरलेलं बोहारणीला. डोक्यावर नव्या भांड्यांची टोपली घेऊन ती दुपारी गल्लीत यायची, आणि मग पायरीवर तास-तास घासाघीस चालायची. "एवढ्याशा पातेल्याला चार साड्या? आणि ही जरीची आहे हो!" आपल्या आया किती चिवट होत्या या बाबतीत! पण साड्या टोपलीत गेल्या की आपला संबंध संपला. ती त्या धुऊन, शिवून, बाजारात विकणार आणि कुणीतरी त्या विकत घेऊन नेसणार, हे आपल्या डोळ्यांआड. आपण त्या व्यवहारात नेहमी देणारे. घेणाऱ्याच्या जागी स्वतःला कधी पाहिलंच नाही.

आत्याच्या प्रश्नाचं मूळ मला इथे दिसतं. आपल्याकडे जुना कपडा नुसता वापरून झालेला नसतो, तो वरून खाली 'उतरलेला' असतो. आणि कुणी वर, कुणी खाली हे जन्माने ठरलेलं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांवरची वस्त्रं वापरावीत असं सांगितलं आहे. आपल्या गावगाड्यात महारांच्या वतनी हक्कांत मढ्यावरचं कापड धरलं जाई. हक्क म्हणायचं, पण ज्यात नाकारायची सोय नाही तो कसला हक्क? २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांशी बोलताना त्यांनी लुगडं कसं नेसावं, दागिने कोणते टाकावेत हेही सांगितलं होतं. एवढ्या मोठ्या लढ्यात लुगड्याची गोष्ट कशाला, असं कुणाला वाटेल. पण अंगावर काय घालायचं हे दुसऱ्याने ठरवणं ही गुलामीच होती, आणि ते स्वतः ठरवणं ही तिच्यातून बाहेर पडण्याची एक पायरी. गावोगावच्या पुतळ्यांवरच्या त्या निळ्या सुटाकडेही मी आता तसंच बघते.

म्हणून 'जुने कपडे घालण्यात कसली आलीये लाज' असं सरसकट म्हणायला मी धजत नाही. ज्यांच्या घराण्यावर जुनं लादलं गेलं, त्यांना नवंकोरं घ्यावंसं वाटणं यात उधळपट्टी नाही. आणि माझ्यासारखीला, जिच्यावर कुणीच काही लादलं नाही, जुनं मिरवणं फार सोपं आहे.

थ्रिफ्ट स्टोअर मला आवडतं ते नेमकं याचसाठी, की तिथे 'उतरलेलं' काही नसतं. कुणी दिलं ते ठाऊक नाही, कुणी घेतलं ते देणाऱ्याला कळणार नाही. मध्ये एक हँगर आणि एक चिठ्ठी. रांगेत माझ्या पुढे तीन पोरांची आई असते, मागे एखादा कॉलेजचा मुलगा, त्याच्या मागे मोटारीची किल्ली फिरवणारे एखादे आजोबा. कोण गरजेने आलंय आणि कोण हौसेने, हे कुणी विचारत नाही.

बाकी फायदे तर आहेतच. जुन्या वस्तू खरंच टिकाऊ असतात. कॉर्निंगवेअरचं निळ्या फुलांचं पांढरं भांडं मला असंच मिळालं. ही नक्षी १९५८ सालची. गॅसवर चालतं, ओव्हनमध्ये चालतं, त्यात मी शिरा करते. आणि इतिहासाची आवड असेल तर कपड्यांच्या आतल्या पट्ट्या वाचाव्यात! बायकांच्या जुन्या कोटांत कधीकधी 'इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियन'ची शिवलेली छोटी पट्टी सापडते. ही संघटना १९०० साली स्थापन झाली आणि १९९५ मध्ये दुसरीत विलीन झाली. म्हणजे तो कोट निदान तीस वर्षांचा, आणि अमेरिकेत, संघटित कामगाराच्या हातून शिवलेला. शेजारच्या हँगरवर बांगलादेश नाहीतर व्हिएतनामची पट्टी. अर्ध्या शतकात शिवणकाम कुठून कुठे गेलं ते एकाच दांडीवर टांगलेलं असतं.

आणि जे विकलं जात नाही त्याचं काय? त्याचे गठ्ठे होऊन जहाजाने जगभर जातात, आणि काही थेट आपल्या कांडल्याला येतात. ज्यांचं सूत काढायचं ते कपडे पुन्हा घालता येऊ नयेत म्हणून कापून टाकतात आणि पानिपतला पाठवतात. तिथे त्यांच्या चिंध्या, चिंध्यांचं सूत, सुताची स्वस्त ब्लँकेटं. मेघना गुप्ता यांच्या 'अनरॅव्हल' (२०१२) या छोट्या माहितीपटात पानिपतच्या कामगार बायका दिसतात. इतके धड कपडे ही माणसं का टाकतात, याचा एक तर्क तिथे ऐकायला मिळतो : तिकडे पाणी फार महाग असेल, धुणं परवडत नसेल! मी हसले, आणि मग बराच वेळ गप्प बसले. कपडा इतका स्वस्त होऊ शकतो की तो धुण्यापेक्षा टाकणं सोपं, हे त्या बाईंच्या हिशेबात बसतच नव्हतं. बसू नयेच.

तर आत्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी लोकांचे उतरलेले कपडे घालत नाही. मी निवडून, बाही ताणून बघून, पैसे मोजून घेतलेले कपडे घालते. पुढच्या वेळी इकडे आलीस की तुला घेऊन जाईन. तू बोहारणीशी घासाघीस करायचीस ते मी पाहिलंय. इथे भाव ठरलेले असतात, तेवढं सांभाळून घे.