पायव्याचं एक वर्ष



दर्यापूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बैठकीत गेल्या महिन्यात कर्जाचा एक अर्ज आला. एका ताईंना लेकीच्या शिक्षणासाठी गटातून पैसे हवे होते. त्यात नवल काही नव्हतं. गटानं याआधी नर्सिंगसाठी कर्ज दिलं होतं, डीएडसाठी दिलं होतं, एकीच्या मुलाला इंजिनिअरिंगसाठीही दिलं होतं. या अर्जावर मात्र लिहिलं होतं, 'चित्रकला, पहिलं वर्ष, फाउंडेशन'. बैठक तिथेच अडली. एक जण म्हणाली, "चित्रं काढाले कोणी पैसे देते का व माय? आपण तं रोज फुकटच काढतो दारात रांगोई." सगळ्या हसल्या. अर्ज आणणारी हसली नाही. दुसरीनं विचारलं, "फाउंडेशन म्हंजे काय? घराचा पायवा असते तसं का?" उत्तर कोणाजवळच नव्हतं. अध्यक्षताईंनी अर्ज पुढच्या बैठकीवर टाकला.

विचारणारीनं गमतीत विचारलं असेल, पण शब्द अगदी नेमका सापडला तिला. पायवाच तो. चित्रकार व्हायचं असो, कापडावरची नक्षी करायची असो, पुस्तकाचं मुखपृष्ठ करायचं असो की मूर्ती घडवायची असो, आधी एक वर्ष सगळ्यांना सारखंच शिकवायचं, आणि मग ज्याची त्याची वाट. हे वर्ष कुठून आलं आणि त्याच्या वर्गात कोणाला बसू दिलं, कोणाला नाही, ती गोष्ट आज सांगते.

सुरुवात १८५३ सालापासून करू. हे साल आपल्या वऱ्हाडाला ओळखीचं असायला हवं, कारण त्याच वर्षी निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. इंग्रजांचा डोळा इथल्या कापसावर होता हे शाळेत आपण शिकलोच. त्याच वर्षी मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय या पारशी व्यापाऱ्यानं कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले. त्यांची संपत्ती चीनशी केलेल्या कापसाच्या आणि अफूच्या व्यापारातली. शाळेचे वर्ग सुरू झाले १८५७ साली. तीच आजची जे. जे.

ही शाळा कशासाठी हवी होती? १८५१ साली लंडनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे हिंदुस्थानातलं कापड, धातूकाम, लाकडावरचं कोरीवकाम पाहून इंग्रज थक्क झाले. इतका सुंदर माल करणाऱ्या कारागिरांना साहेबांच्या पद्धतीचं रेखाटन शिकवावं, म्हणजे धंदा वाढेल, असा विचार होता. मला यातली गंमत वाटते ती ही, की ज्यांचं काम पाहून तोंडात बोट घातलं त्यांनाच शिकवायला निघाले! शिकवलं काय, तर ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवायचे आणि पोरांनी ते हुबेहूब उतरवायचे. आपल्या शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला स्टुलावर मडकं ठेवून 'काढा' म्हणायचे, ते त्याच परंपरेतलं.

त्यातून चांगलंही निघालं, नाही असं नाही. १८७२ पासून जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आपल्या बुलढाण्याच्या शेजारी अजिंठ्याला जात. लेण्यांतल्या भिंतींवरची चित्रं तशीच्या तशी उतरवण्याचं काम कितीतरी हिवाळे चाललं. त्यातली पुष्कळ चित्रं लंडनला पाठवली आणि १८८५ साली तिथल्या आगीत जळाली.

पण नक्कल करणं म्हणजे पायवा नव्हे, हे लक्षात यायला पुढे आणखी काही दशकं जावी लागली, आणि ते घडलं दूर जर्मनीत. पहिलं महायुद्ध संपलं होतं, देश मोडला होता. १९१९ साली वायमार नावाच्या गावात वाल्टर ग्रोपियस या वास्तुकारानं 'बाऊहाऊस' नावाची शाळा काढली. तिथे योहानेस इटेन नावाचे शिक्षक होते. त्यांनी ठरवलं, आलेल्या प्रत्येकानं आधी काही महिने पायाभूत वर्गात बसायचं. पुतळे नाहीत, नक्कल नाही. समोर ठेवायचे ते लोकर, लाकूड, पिसं, काचा, चिंध्या, जाळीचे तुकडे. डोळे मिटून त्यांवरून बोटं फिरवायची. खरबरीत कुठलं, गुळगुळीत कुठलं? खरबरीत शेजारी गुळगुळीत ठेवलं की दोन्ही जास्त उठून दिसतं, हे हातानं समजून घ्यायचं. मग रंग. पिवळ्याशेजारी जांभळा ठेवला की काय होतं, लालाशेजारी हिरवा ठेवला की काय होतं. मग नुसते ठिपके, नुसत्या रेषा, गोल, चौकोन, त्रिकोण.

ऐकताना तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं? माझ्यासमोर माझी आजी आली. जुन्या लुगड्याचे पदर, धोतराचे तुकडे, बाह्या, सगळं ओसरीवर पसरून बसलेली. हिरव्या काठाशेजारी लाल तुकडा ठेवून बघायची, नाही जमला की उचलून दुसरीकडे. गोधडीचा पहिला टाका पडण्याआधी तिची दुपार अशी नुसती मांडण्यात जायची. कोणी विचारलं, काय करतेस, तर म्हणायची, "बसते कुठं ते पायतो." इटेनसाहेबांच्या वर्गात तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते असं मला पक्कं वाटतं.

आता बाऊहाऊसमधल्या बायांचं ऐका. ग्रोपियस यांनी सुरुवातीला जाहीर केलं होतं की इथे स्त्री-पुरुष भेद नाही. मुलींनी ते खरं धरलं आणि पहिल्या सत्रात मुली मुलांपेक्षाही थोड्या जास्तच आल्या. मास्तर मंडळी घाबरली. पायाभूत वर्ग झाला की मुलींना बहुतेक करून एकाच कार्यशाळेकडे वळवायचं असं ठरलं. ती कार्यशाळा विणकामाची. मुलींना वास्तुकला नको, धातूकाम नको, माग बरा. त्या मागावर बसल्या आणि त्यांनी असं कापड काढलं की पैसे मिळवून देणाऱ्या कार्यशाळांत ती पुढे गेली. गुंटा श्टोल्झल ही तिथलीच विद्यार्थिनी पुढे त्या कार्यशाळेची प्रमुख झाली. सासरी मुद्दाम कोपऱ्यातली चूल दिली आणि सुनेनं त्याच चुलीवर गाव जेवू घातलं, तसा प्रकार.

मुंबईतही दार अर्धवटच उघडं होतं. अंबिका धुरंधर १९३१ साली जे. जे.ची पदविका घेऊन बाहेर पडल्या. ती पदविका मिळवणाऱ्या पहिल्या मोजक्या भारतीय मुलींपैकी त्या एक. त्यांचे वडील कोण? चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर, जे. जे.मध्ये वर्षानुवर्षं शिकवणारे. त्याच काळातल्या दुसऱ्या चित्रकार अँजेला त्रिंदाद. त्यांचे वडील आंतोनियो शावियर त्रिंदाद, तेही जे. जे.मध्ये शिक्षक. दोघींच्या गुणवत्तेबद्दल शंका नको. पण बाप इमारतीच्या आत होता म्हणून लेकीला दार सापडलं, हे दिसतं ना? बाप शेतात राबणारा असता तर?

म्हणून मला तिसरं नाव जास्त जवळचं वाटतं. भानुमती राजोपाध्ये, कोल्हापूरच्या, जन्म १९२९. वडील चित्रकलेचे जाणकार, पण भानू लहान असतानाच गेले. घर मोठं, पदरात लेकरं. तरी आई शांताबाईंनी मुलीला चित्रकला सोडायला लावली नाही. भानू शिकायला मुंबईला गेली. १९५१ साली तिला जे. जे.चं उषा देशमुख सुवर्णपदक मिळालं. पुढे ती सिनेमातल्या लोकांचे कपडे ठरवू लागली. भानू अथैया हे नाव तुम्ही ऐकलं असेल. 'गांधी' चित्रपटासाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्याबरोबर तिला ऑस्कर मिळालं, आणि ऑस्कर मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. बॅरिस्टरच्या कोटापासून पंचापर्यंत एका माणसाचं आयुष्य कपड्यांतून दाखवायचं होतं. सुती कापड अंगावर कसं पडतं, कुठे चुणी येते, धुऊन धुऊन कसं विरतं, हे ज्याला डोळ्यांनी कळतं त्यालाच ते जमतं.

स्वातंत्र्यानंतर सरकारलाही वाटू लागलं की देशात वस्तू घडवण्याचं शिक्षण हवं. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन नवरा-बायकोला बोलावलं. ते देशभर हिंडले आणि १९५८ साली त्यांनी अहवाल दिला. इतकं सगळं पाहून त्यांना सर्वांत सुंदर वस्तू कोणती वाटली असेल? लोटा. आपला पाण्याचा लोटा! त्यांनी लिहिलं ते थोडक्यात असं: हा लोटा कोणी एकट्यानं बसून घडवलेला नाही, पिढ्यान् पिढ्यांनी घडवला आहे. त्यात पाणी किती मावावं, कडेवर घेतला तर तोल कसा राहावा, भरलेला कसा, रिकामा कसा, ओतताना धार कशी पडावी, आत हात घालून घासता येतो का, हाताला कसा लागतो, किंमत किती पडते, या सगळ्याचा विचार त्या एका आकारात आहे. या अहवालातून १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तिथेही पहिलं वर्ष पायव्याचंच. एक साधं म्हणणं आहे माझं: लोटा कडेवर घेऊन फिरलेल्या बायांना त्या अहवालाच्या वेळी कोणी काही विचारलं असतं तर अहवाल आणखी दोन पानं लांबला असता.

आपल्या राज्यात १९६५ साली कला संचालनालय झालं. त्याच्या अभ्यासक्रमात फाउंडेशनच्या वर्षी काय असतं? वस्तूचं रेखाटन, निसर्गाचं रेखाटन, आठवणीनं काढायचं चित्र, रंगांचा अभ्यास, कागदावरचं संकल्पन, माती-पुठ्ठ्याचं उभं संकल्पन आणि छाप घेण्याचं काम. आठवणीच्या चित्राला विषय असतात बाजार, जत्रा, पाणवठा असे. पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग लावलेल्या, भुलाबाई मांडलेल्या पोरीला तिथे अडायचं कारण नाही. बारावीनंतर बीएफए म्हणजे चार वर्षांची पदवी, त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा दिल्या असतील तर हात तयार असतो, दहावीला वाढीव गुणही मिळतात. आपल्याला जवळचं सरकारी कला महाविद्यालय नागपूरला, अमरावतीहून साधारण दीडशे किलोमीटर.

खर्च लपवत नाही. फी एकवेळ परवडते. कागद, रंग, बोर्ड आणि खोलीचं भाडं दर महिन्याला बोचतं. शिकून नोकरी हमखास मिळेल असंही मी सांगणार नाही. कापड, छपाई, जाहिरात, ॲनिमेशन, शाळेत कलाशिक्षक अशा वाटा आहेत, आणि प्रत्येक वाटेवर गर्दी आहे. पण तशी ती इंजिनिअरिंगलाही आहे. त्या मुलाच्या कर्जाला बैठकीत कोणी हसलं नव्हतं.

आणि वऱ्हाडातलं कोणी त्या वाटेनं गेलं का? गेलं. अंबादास खोब्रागडे, जन्म १९२२, आपल्या अकोल्यात. त्यांनी १९५२ साली जे. जे.ची पदविका घेतली. मग ते सरकारच्या विणकर सेवा केंद्रात लागले. ही केंद्रं १९५६ पासून सुरू झाली होती. तिथे चित्रकार हातमागावरच्या विणकरांसाठी नव्या नक्ष्या करत. कापसाच्या मुलखातला माणूस रंग-रेषा शिकून पुन्हा कापडापाशीच पोटाला लागला. पोट तिथे भरायचं आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रं. त्यांच्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही. नुसते रंगाचे वळत, घरंगळत जाणारे पट्टे, नांगरलेल्या वावरासारखे किंवा पुराच्या पाण्यासारखे. १९६३ साली दिल्लीत त्यांच्या गटाचं प्रदर्शन भरलं, त्याचं उद्घाटन पंडित नेहरूंनी केलं. १९७२ साली अंबादास नॉर्वेला गेले, ओस्लो शहरात राहिले आणि २०१२ साली तिथेच वारले. अकोल्यात आज किती जणांना हे नाव ठाऊक आहे, हे तुमच्या गावच्या गुरुजींना एकदा विचारून पाहा.

दर्यापूरकडचा तो अर्ज दहा तारखेच्या बैठकीत पुन्हा येणार आहे. ताई लेकीची चित्रांची वही सोबत आणणार आहेत, आणि वर्षभराच्या सामानाच्या खर्चाचा कागदही, दुकानातून भाव विचारून लिहिलेला. पोरगी मात्र मधल्या काळात त्या हसलेल्या काकूंच्या घरी जाऊन आली. सीईटीला संकल्पनाचा पेपर असतो, त्याची तयारी चालली आहे म्हणाली, आणि काकूंची एकवीस ठिपक्यांची रांगोळी उतरवून घ्यायला बसली. काकूंनी तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "अशी नाही व बाई," म्हणाल्या, "मधातून सुरू कर, नाही तं कोपरा चुकते."