यात्रिकाचा घोडा : सांतियागोच्या वाटेवरील स्वारीचा इतिहास

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील गालिसिया प्रांतात सांतियागो दे कोम्पोस्तेला हे नगर आहे. येशूचा शिष्य प्रेषित याकोब याची समाधी येथे आहे अशी श्रद्धा इ. स. च्या नवव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली, आणि पुढे पश्चिम युरोपातील रोमखालोखाल मोठे यात्रास्थान म्हणून या नगराची ख्याती झाली. पिरिनीज पर्वत ओलांडून तेथवर जाणाऱ्या सुमारे पावणेआठशे किलोमीटरांच्या मुख्य मार्गास 'कामिनो फ्रान्सेस', म्हणजे फ्रेंच वाट, असे नाव आहे. या वाटेवर अलीकडे यात्रेचा एक निराळा प्रकार दिसू लागला आहे. गालिसियाच्या सीमेवरील ओ सेब्रेइरो या घाटमाथ्याच्या खेड्यातून घोड्यावर बसून निघावयाचे, सुमारे दीडशे किलोमीटरांचे अंतर सहाएक दिवसांत कापावयाचे, रात्रीचा मुक्काम वाटेवरील गावांत करावयाचा, सामान मोटारीने पुढे पाठवावयाचे आणि अखेरीस कॅथीड्रलच्या दर्शनास जावयाचे. ज्या व्यावसायिकांकडून ही स्वारी आखली जाते, ते तिचा उल्लेख 'सुट्टी' असाच करतात.

या प्रकाराकडे पाहून मनात येणारा पहिला विचार असा, की पूर्वी जी भक्ती होती तिची आता करमणूक झाली. हे उत्तर सोपे आहे. परंतु ते पुराव्यास धरून नाही, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. भक्ती आणि करमणूक यांची सरमिसळ या वाटेवर जुनीच आहे. बदलला आहे तो घोड्याचा अर्थ. हे दाखविण्यासाठी दोन प्रकारची साधने उपयोगी पडतात : एक, बाराव्या शतकातील यात्रावर्णन, आणि दुसरे, यात्रेने व स्वारीने मागे ठेविलेले शब्द.

प्रथम ग्रंथाचा विचार करू. सांतियागोच्या कॅथीड्रलमध्ये 'कोडेक्स कालिक्स्तिनुस' या नावाने ओळखली जाणारी बाराव्या शतकाच्या मध्यातील पोथी आहे. तिचा पाचवा खंड म्हणजे यात्रिकांसाठी लिहिलेली मार्गदर्शिकाच होय. तिचे कर्तृत्व परंपरेने फ्रान्सच्या प्वातू प्रांतातील एमेरी पिको याच्याकडे दिले जाते. ते निर्विवाद नाही. परंतु लिहिणारा कोणीही असो, तो घोड्यावरून प्रवास करीत होता, हे त्याच्या लेखनावरून स्पष्ट दिसते. नावारमधील एका खाऱ्या नदीचा प्रसंग तो सांगतो. काठावर दोघे नावारी सुऱ्यांना धार लावीत बसले होते. पाणी चांगले आहे काय, असे विचारता त्यांनी होय म्हणून सांगितले. या मंडळींनी घोड्यांना पाणी पाजले. दोन घोडे तत्काळ मेले आणि त्या दोघांनी त्यांची कातडी तेथेच सोलली. हकीकतीत अतिशयोक्ती असेल. नावारी लोकांविषयीचा लेखकाचा आकस तर पानोपानी दिसतो. तथापि, यात्रिकाच्या घोड्यावर कोणाचा डोळा असे, हे त्यातून कळतेच.

दुसरा पुरावा नावाड्यांचा आहे. पिरिनीजच्या अलीकडे सोर्द गावाजवळ नदी उतरावी लागे. तेथील नावाडी गरीब-श्रीमंत न पाहता माणसामागे एक नाणे घेत आणि घोड्यामागे चार. नाव एकाच झाडाच्या खोडाची, अरुंद. घोडा तीत मावत नसे. म्हणून स्वाराने स्वतः नावेत बसावे आणि लगाम हाती धरून घोडा मागून पाण्यातून न्यावा, असा सल्ला लेखक देतो. माणसाच्या चौपट उतराई ज्याच्यासाठी द्यावयाची आणि तरीही ज्याला पोहतच न्यावयाचे, अशा प्राण्यासह जाणारा यात्रिक हा निर्धन यात्रिक नव्हे, हे उघड आहे.

तिसरा पुरावा मजलांचा आहे, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. मार्गदर्शिकेने पिरिनीजपासून सांतियागोपर्यंतची वाट तेरा मजलांत विभागली आहे. त्यांपैकी एस्तेय्या ते नाहेरा आणि नाहेरा ते बुर्गोस या दोन मजलांपुढे 'एक्विटान्टिबुस', म्हणजे 'स्वारांसाठी', असा शेरा आहे. ही अंतरे अनुक्रमे सुमारे ७५ व ९० किलोमीटर भरतात; पायी जाणाऱ्यास त्यांना प्रत्येकी तीन-चार दिवस लागतात. संपूर्ण वाटेची सरासरी काढली तरी एका मजलेस साठ किलोमीटरांच्या जवळपास अंतर येते. म्हणजे शेरा दोनच मजलांवर असला, तरी एकंदर माप स्वाराचेच आहे. येथे मराठी वाचकास एक गोष्ट सहज लक्षात यावी. आपला 'मजल' हा शब्द अरबी 'मंझिल'वरून फारसीमार्गे आला आहे, आणि त्या शब्दाच्या मुळाशी असलेल्या धातूचा अर्थ 'उतरणे' असा आहे. मंझिल म्हणजे जनावरावरून उतरण्याची जागा. उलट स्पॅनिशमधील 'होर्नादा' हा शब्द दिवसावरून आलेला आहे. एका दिवसाची चाल ती होर्नादा. स्पॅनिश शब्द काळ मोजतो. आपण मात्र पायी चालतानाही 'मजल दरमजल' म्हणतो, तेव्हा नकळत स्वाराचीच भाषा बोलत असतो.

याच पोथीच्या पहिल्या खंडात एक प्रवचन आहे. त्यात यात्रिकाच्या दारिद्र्याची थोरवी गाइली आहे, पैसा व ऐषआराम बरोबर घेऊन निघणाऱ्यांना बोल लावला आहे आणि यात्रिकांस नाडणाऱ्या खाणावळवाल्यांची निर्भर्त्सना केली आहे. दारिद्र्याचा उपदेश आणि स्वाराची मार्गदर्शिका ही दोन्ही एकाच बांधणीत नांदतात. तेव्हा यात्रा कशी करावी यासंबंधीचा आदर्श आणि ती कशी केली जात होती यासंबंधीचे वास्तव, यांतील अंतर आजचे नाही.

आता शब्दांकडे वळू. यात्रिकास लॅटिनमध्ये 'पेरेग्रिनुस' म्हणत. रोमन कायद्यात या शब्दाचा अर्थ परका, नागरिकत्व नसलेला स्वतंत्र मनुष्य असा होता. त्यात पायी चालणे नाही आणि भक्तीही नाही. आपल्या भूमीपासून दूर असणे एवढेच आहे. संस्कृतातील 'प्रवास' शब्दाची गोष्ट अशीच आहे : त्याचा मूळ अर्थ घराबाहेर, परमुलखात राहणे हा, हिंडणे हा अर्थ मागाहून प्रधान झाला. दान्तेने तेराव्या शतकाच्या अखेरीस 'व्हिता नुओव्हा'त या शब्दाचे दोन अर्थ सांगितले आहेत. व्यापक अर्थाने स्वदेशाबाहेर असलेला कोणीही पेरेग्रिनो. संकुचित अर्थाने मात्र केवळ गालिसियाच्या यात्रेस जाणारा. रोमला जाणाऱ्यांस तो 'रोमेओ' म्हणतो.

या रोमेओचा स्पॅनिश भाऊबंद 'रोमेरो', आणि त्यावरून 'रोमेरिया'. प्रारंभी हा शब्द यात्रेचा वाचक होता. आज रोमेरिया म्हटले, की एखाद्या देवस्थानाकडे वाजतगाजत जाणारा मेळा, तेथील जेवणे, नाचगाणी आणि बाजार हे सारे डोळ्यांपुढे येते. आंदालुसियातील एल रोसिओच्या रोमेरियास तर लोक घोड्यांवरून आणि सजविलेल्या गाड्यांतून अनेक दिवसांची वाटचाल करून येतात. मराठी वाचकास याचे नवल वाटू नये. आपली 'जत्रा' ही 'यात्रे'चेच तद्भव रूप आहे. इंग्रजीतील सुट्टीचा वाचक 'हॉलिडे' हा शब्दही 'पवित्र दिवस' या जुन्या अर्थाच्या समासावरून झालेला आहे. परस्परांशी संबंध नसलेल्या तीन समाजांत पवित्र गोष्टीच्या नावानेच उत्सव व विश्रांती ओळखली जाऊ लागली. भाषेने भक्ती आणि करमणूक यांच्यामध्ये भिंत घातली नाही.

तिने भिंत घातली ती अन्यत्र. लॅटिनमध्ये 'काबाल्लुस' म्हणजे हलक्या प्रतीचे, कामाचे घोडे. त्यावरून झालेला स्पॅनिश 'काबाय्येरो' हा आधी स्वार, मग सरदार, आणि अखेरीस सभ्य गृहस्थ झाला. आज स्पेनमध्ये पुरुषांच्या प्रसाधनगृहाच्या दारावरही हाच शब्द असतो. उलट 'पेओन' म्हणजे मूळचा पायदळी मनुष्य. तो मजूर झाला आणि बुद्धिबळातील प्यादे झाला. आपले 'प्यादे' फारसीतून आलेले, परंतु तेही पायावाचक शब्दावरूनच बनलेले. दोघांचे इंडो-युरोपीय मूळ एकच. वाटेवरील खरा भेद भक्त आणि हौशी यांच्यातील नव्हता. तो स्वार आणि प्यादा यांच्यातील होता.

स्वारांतही शिलेदार आणि बारगीर यांसारखा भेद होता : काहींचा घोडा स्वतःचा, काहींचा दुसऱ्याकडून घेतलेला. भाड्याच्या घोड्यांची व्यवस्था इंग्लंडातील एका यात्रामार्गावर विशेष स्पष्ट दिसते. आर्चबिशप टॉमस बेकेट याचा वध इ. स. ११७० मध्ये झाला, ११७३ मध्ये त्यास संतपद मिळाले आणि लंडनहून कँटरबरीस यात्रा सुरू झाली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सदर्क ते रॉचेस्टर बारा पेन्स व रॉचेस्टर ते कँटरबरी बारा पेन्स असे घोड्याचे भाडे राजाज्ञेने ठरवून दिले होते. चॉसरच्या काव्यातील यात्रिक याच वाटेने घोड्यांवरून जातात. त्यांतील बाथची स्त्री संथ चालीच्या घोड्यावर आरामात बसलेली आहे, आणि ती पूर्वी गालिसियाची यात्राही करून आलेली आहे. भाड्याच्या अशा घोड्यास 'हॅकनी' म्हणत. जो येईल त्याने वापरावयाचे जनावर, या अर्थावरून 'हॅकनीड' म्हणजे वापरून गुळगुळीत झालेले, आणि 'हॅक' म्हणजे मोलाने लिहिणारा लेखक. आपल्या 'भाडोत्री तट्टू'ची जातकुळी हीच. कँटरबरीच्या यात्रिकांच्या बेताच्या दौडीचे नावही भाषेत राहिले. 'कँटरबरी'ची चाल सतराव्या शतकात म्हटली जाई. पुढे तिचे 'कँटर' एवढेच झाले. बेकेटची समाधी मात्र १५३८ मध्येच उद्ध्वस्त करण्यात आली होती. देवस्थान गेले, घोड्याच्या चालीत त्याचे नाव उरले.

आता पुन्हा स्पेनकडे येऊ. अनेक शतके ओसरत गेलेली सांतियागोची यात्रा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा जोमास आली. ओ सेब्रेइरोचेच धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी १९८४ मध्ये पिवळ्या बाणांनी वाट रेखण्याचे काम हाती घेतले. १९८७ मध्ये युरोपीय परिषदेने तिला पहिला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. १९९३ मध्ये युनेस्कोने तिचा समावेश जागतिक वारशात केला. २०१९ मध्ये यात्रापूर्तीचे प्रमाणपत्र घेणाऱ्यांची संख्या सुमारे ३ लाख ४७ हजार होती. त्यांत स्वारांचे प्रमाण एक टक्क्याहूनही पुष्कळ कमी होते. हे प्रमाणपत्र देण्यासाठी कॅथीड्रलच्या यात्रिक कार्यालयाने घातलेली अट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे : पायी अथवा घोड्यावरून येणाऱ्याने किमान १०० किलोमीटर आलेले असावे, सायकलस्वाराने २००. मोटारीने येणाऱ्यास ते मिळत नाही.

या नियमात सातशे-आठशे वर्षांचा उतरंडीचा क्रम मोडलेला आहे. काबाय्येरो आणि पेओन एका ओळीत बसले. रेषा आता त्यांच्यामधून जात नाही, ती सजीव पाय आणि चाक यांच्यामधून जाते. यंत्रयुगाने घोड्यास वाहतुकीतून हद्दपार केले आणि त्यामुळेच घोडा कष्टाच्या बाजूस येऊन बसला. एके काळी जे सुखसोयीचे लक्षण होते तेच आज तपाचे मानले जाऊ लागले, आणि त्यासाठी घोड्यास काहीही निराळे करावे लागले नाही.

मापानेही हेच सिद्ध होते. बाराव्या शतकातील स्वार एका दिवसात ७५ ते ९० किलोमीटर जावा अशी अपेक्षा होती. आजचा सुट्टीतील स्वार दीडशे किलोमीटर सहा दिवसांत जातो; म्हणजे दिवसास पंचवीस. ही तर पायी यात्रिकाची मजल झाली. डांबरी रस्ते, रहदारी, दिवसामागून दिवस जनावर जपण्याची गरज या कारणांनी घोडा बहुधा पावलानेच चालतो. ज्या प्राण्याने यात्रेस वेग दिला, त्याचा उपयोग आता वेग टाळण्यासाठी केला जातो. पूर्वी घोडा यात्रेसाठी होता. या सुट्टीत पुष्कळदा यात्रा घोड्यासाठी असते.

एका आक्षेपाचा विचार केल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. कष्ट जर घोड्याचे असतील, तर पुण्य स्वाराचे कसे? आक्षेप बिनतोड आहे, आणि कार्यालयाच्या नियमात त्यास उत्तर नाही. नियम अंतर मोजतो, घाम कोणाचा ते पाहत नाही. बाराव्या शतकातील लेखकासही हा प्रश्न पडलेला दिसत नाही. मेलेल्या घोड्यांविषयी त्याचा राग आहे तो फसविणाऱ्यांवर. मार्गदर्शिकेत त्याने बास्क भाषेतील शब्दांची एक लहानशी यादी दिली आहे. बास्क शब्दांच्या अगदी जुन्या नोंदींपैकी ती एक असल्याने भाषाशास्त्रात तिला मोठे मोल आहे. तीत देव, भाकर, मद्य, मांस, मासे, घर, गहू, पाणी, राजा यांना शब्द आहेत, घोड्यास नाही. एका यादीवरून मोठा निष्कर्ष काढू नये. परंतु ज्याच्या पाठीवर बसून हे शब्द गोळा केले तो त्यांच्यात नाही, ही गोष्ट नोंदविण्यासारखी आहे.

तेव्हा आजच्या या स्वारीस यात्रेचे विडंबन म्हणणे जसे चुकीचे, तसेच तिला मध्ययुगाचे पुनरुज्जीवन म्हणणेही चुकीचे. सुट्टी आणि यात्रा यांचे नाते जुने आहे; पण घोड्याकडे पाहण्याची नजर नवी आहे. तीव्र उतारावर जाणता स्वार आजही खाली उतरतो आणि लगाम धरून घोड्यापुढे चालतो. सोर्दच्या नावेत बसलेल्या यात्रिकाच्या हातीही असाच लगाम होता. त्याला काळजी होती आपल्या मालमत्तेची. आजच्या स्वारास ती आपल्या सोबत्याची वाटत असेल, तर या वाटेच्या इतिहासात खरोखरच काही नवे घडले आहे, असे म्हणता येईल.